घरचा खाऊ बाजारात नेताना : नवरा-बायकोच्या जोडधंद्याचा हिशेब



गळीत हंगाम संपला, ऊसतोडीची गडबड ओसरली, की आपल्या घरांतून एक बोलणे हमखास निघते. नवरा म्हणतो, "नुसत्या उसाच्या बिलावर वर्ष काढायचे म्हणजे अवघड आहे." बायको म्हणते, "अहो, माझ्या हातच्या वड्या आणि ज्वारीच्या लाह्यांचा चिवडा पाव्हणे मागून नेतात. तेच विकले तर?" पुष्कळ ठिकाणी बोलणे येथेच थांबते. काही ठिकाणी मात्र कढई येते, पाकिटे येतात, दुकानात माल जातो आणि दीड-दोन वर्षांत कढई माळ्यावर चढते. माल वाईट होता म्हणून असे होते असे नाही. बहुतेक वेळा चव चांगलीच असते. हिशेब मात्र कोणी मांडलेला नसतो. म्हणून तळकट फरसाणापेक्षा प्रकृतीला बरा असा खाऊ करून विकू पाहणाऱ्या दांपत्यांसाठी ही माहिती देत आहोत.

जोडीने धंदा उभा राहतो हे नवे नाही. पुण्यात १९६२ साली हुकमीचंद चोरडिया यांनी 'प्रवीण मसालेवाले' हा धंदा सुरू केला. मसाल्याची कृती त्यांच्या पत्नी कमलाबाई यांच्या हातची होती आणि बाजाराची बाजू हुकमीचंदांकडे होती. आपल्या खानदेशातही यावल तालुक्यातील एका केळी उत्पादक दांपत्याने केळीची बिस्किटे काढल्याची बातमी अलीकडच्या वर्षांत वर्तमानपत्रांतून आली. दोन्हीकडे घरात जे येते आणि शेतात जे पिकते तेथून सुरुवात झाली. आपणही तेथूनच सुरुवात करावी.

खानदेशात काय आहे?

जळगाव जिल्ह्याची केळी सर्वांना ठाऊक आहे. २०१६ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. रावेर-यावल भागात केळीचे वेफर्स करणारे पुष्कळ आहेत, त्यामुळे त्यात नव्याने उतरणाऱ्याला स्पर्धा मोठी आहे. पण केळीखेरीज आपल्याकडे ज्वारी आहे, शेंगदाणा आहे, तीळ आहे, साक्रीच्या पश्चिम पट्ट्यात नागली आहे. जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्राने काढलेले भुईमुगाचे 'जेएल २४' आणि तिळाचे 'जेएलटी ४०८' हे वाण कोणाला माहीत नाहीत? त्यातले 'जेएल' म्हणजे आपले जळगावच. उन्हाळ्यात आपल्या आयाबाया ज्वारीचे बिबडे घालतात, तो तर आपला जुना टिकाऊ खाऊ आहे. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या सूचनेवरून भरडधान्य वर्ष म्हणून पाळले. तेव्हापासून शहरातला माणूसही ज्वारी-नागली नाव काढून विचारू लागला आहे.

नवख्याने एकदम दहा पदार्थ काढू नयेत. एक गोड आणि एक तिखट, एवढे पहिल्या वर्षाला पुरे. समजुतीसाठी आपण शेंगदाणा, तीळ, ज्वारीच्या लाह्या आणि गूळ यांची वडी घेऊ.

'आरोग्याला चांगले' म्हणजे काय?

येथे आपल्याला थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. आपण साखर कारखान्याचे सभासद. साखरेवरच आपले घर चालते. पण म्हणून गिऱ्हाइकाला खोटे सांगून चालणार नाही. पाकिटावर मोठ्या अक्षरांत 'गुळाचे, म्हणून आरोग्यदायी' असे छापण्याची पद्धत पडली आहे. गुळात साखरेपेक्षा थोडे क्षार व लोह अधिक असते हे खरे. पण गुळाचा मोठा भाग साखरच असतो. शंभर ग्रॅम साखरेतून सुमारे ४०० कॅलरी मिळतात, तर शंभर ग्रॅम गुळातून सुमारे ३८० च्या आसपास. मधुमेही माणसाने गूळ म्हणून वडीवर ताव मारला तर त्याचे रक्त गूळ आणि साखर असा भेद करीत बसत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली असे सांगितले, की वरून घातलेली व तत्सम साखर रोजच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत असावी आणि ५ टक्क्यांच्या आत, म्हणजे मोठ्या माणसाला सुमारे २५ ग्रॅमपर्यंत आणता आली तर अधिक बरे. आता आपल्या वडीकडे पाहू. दहा किलोच्या घाण्यात ४ किलो भाजका शेंगदाणा, १ किलो तीळ, दीड किलो लाह्या आणि साडेतीन किलो गूळ घातला, तर शंभर ग्रॅम वडीत सुमारे ३० ग्रॅम साखर येते. पंचवीस ग्रॅमच्या एका वडीत सात-साडेसात ग्रॅम. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ सालच्या दाव्यांच्या नियमांप्रमाणे 'साखर कमी' असे म्हणायचे तर शंभर ग्रॅम घट्ट पदार्थात ५ ग्रॅमपेक्षा अधिक साखर नसावी लागते. गूळ घातलेल्या मालावर 'साखर न घातलेले' असे लिहिणे तर सरळ फसवणूक आहे.

मग या वडीत चांगले काय? चांगले आहेच. ती तळलेली नाही. शेंगदाणा आणि तीळ यांमुळे शंभर ग्रॅममध्ये बारा-तेरा ग्रॅम प्रथिने येतात. दाणे, तीळ आणि लाह्या यांतून चोथाही येतो. शंभर ग्रॅममध्ये ३ ग्रॅम चोथा असला तर 'चोथ्याचा स्रोत' आणि ६ ग्रॅम असला तर 'भरपूर चोथा' असे म्हणता येते. मात्र आमचे हे आकडे वहीवरचे आहेत. पाकिटावर छापण्यापूर्वी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून नमुना तपासून घ्यावा. जे खरे आहे तेवढेच लिहावे: "तळलेले नाही. शेंगदाणा ४० टक्के. गूळ ३५ टक्के." गिऱ्हाईक शहाणे झाले आहे. त्याला टक्केवारी वाचता येते.

तिखट पदार्थालाही हेच लागू. लाह्यांचा चिवडा कोरडा भाजून वर मोजकी फोडणी दिली, तर तळलेल्या चिवड्यापेक्षा तेल पुष्कळ कमी लागते. तेल पुन्हा पुन्हा तापवून वापरण्याची सवय मात्र धंद्यात आणू नये. वापरलेल्या तेलात बिघडलेले घटक २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल टाकून द्यावे, असा नियम २०१८ पासून आहे. मिठावरही लक्ष ठेवावे. मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, असा त्याच जागतिक संघटनेचा सल्ला आहे. घरच्या चवीला जे मीठ 'बरोबर' वाटते, ते अनेकदा अधिकच असते.

उतारा पाहा

उसाचा उतारा किती लागला यावरून आपण भावाचे भांडण करतो. वडीच्या धंद्यात मात्र उतारा कोणी काढीत नाही. शेंगदाणा भाजला की ओल जाते, चोळला की साल जाते, निवडला की किडके व काळे दाणे जातात. ते काळे, बुरशी चढलेले दाणे कोणत्याही परिस्थितीत घाण्यात जाऊ देऊ नयेत, कारण त्या बुरशीचे विष भाजल्याने पुरते जात नाही. म्हणजे ४ किलो तयार दाण्याला साधारण ४ किलो ४०० ग्रॅम कच्चा दाणा लागेल असे धरावे. वडी कापताना कडा तुटतात, चुरा पडतो. दहा किलोच्या घाण्यातून साडेनऊ किलो विकाऊ माल निघाला तरी चांगले.

आता दोघांनी मिळून दिवसाला २० किलोचा माल केला असे समजू. खालचे दर केवळ हिशेब समजण्यासाठी धरले आहेत. आपल्या बाजारपेठेचे दर घालून प्रत्येकाने तो पुन्हा मांडावा.

कच्चा शेंगदाणा ८.८ किलो, १३० रुपये दराने — १,१४४ रुपये.
तीळ २.१ किलो, १८० रुपये दराने — ३७८ रुपये.
लाह्या ३ किलो, १२० रुपये दराने — ३६० रुपये.
गूळ ७ किलो, ५० रुपये दराने — ३५० रुपये.
गॅस व लाकूडफाटा — १५० रुपये.
शंभर ग्रॅमची १९० पाकिटे, ३ रुपयांप्रमाणे — ५७० रुपये.
दोघांची मजुरी, ४०० रुपयांप्रमाणे — ८०० रुपये.
कर्जाचा हप्ता, वीज, यंत्राची झीज, तपासणी यांचा दिवसाचा वाटा — ३०० रुपये.
एकूण — ४,०५२ रुपये.

१९० पाकिटांपैकी १० फुटतील, परत येतील, चवीला वाटली जातील. पैसे येतील ते १८० पाकिटांचे. म्हणजे एक पाकीट साडेबावीस रुपयांना पडले. छापील किंमत ३५ रुपये ठेवली आणि दुकानदाराला २० टक्के दिले, तर हाती २८ रुपये येतात. १८० पाकिटांचे ५,०४० रुपये. करांचा हिशेब वेगळा धरला तर दिवसाला शिल्लक ९८८ रुपये. मध्ये एजंट आला आणि त्याने छापील किमतीवर आणखी १० टक्के घेतले, तर पाकिटामागे साडेचोवीस रुपयेच उरतात आणि दिवसाची शिल्लक एकदम ३५८ रुपयांवर येते.

आता पुष्कळ घरांत होते काय? मजुरीचे ८०० रुपये धरलेच जात नाहीत. "घरचेच तर करतो, त्याची कसली मजुरी?" असे म्हटले जाते. मग ९८८ ऐवजी १,७८८ रुपये 'नफा' दिसतो. त्या आनंदात छापील किंमत ३० वर आणली जाते. दुकानदाराचे २० टक्के वजा जाता हाती २४ रुपये, म्हणजे पाकिटामागे फक्त दीड रुपया. पुढे बाई आजारी पडली आणि तिच्या जागी मजूर लावावा लागला, की धंदा तोट्यात आहे हे तेव्हा कळते. खरे म्हणजे तो पहिल्या दिवसापासूनच बाईच्या फुकट कष्टावर चालला होता. म्हणून दोघांचीही मजुरी वहीत लिहावी आणि दर आठवड्याला ज्याची त्याला द्यावी. शेतावर परक्याला देतो, मग घरच्या माणसाला का नाही?

माल टिकला पाहिजे

घरी केलेली वडी चार दिवसांत संपते, म्हणून ती टिकते की नाही हे घरी कळत नाही. दुकानात ती दोन महिने बसते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. अशा उन्हात दाण्याचे तेल लवकर खवट होते आणि गूळ पाझरू लागतो. श्रावणात उलटे होते. हवेतली ओल गूळ ओढून घेतो, लाह्या मऊ पडतात.

उपाय साधे आहेत. पाक नीट व्हावा. पाण्याच्या वाटीत थेंब टाकला की तो कडक व्हावा आणि ताटलीवर टाकला की टणकन वाजावा. बाजारात चिक्कीचा गूळ वेगळा मिळतो, तो घ्यावा. केवळ पिवळाधमक दिसतो म्हणून रसायन मारलेला गूळ घेऊ नये. ज्यांच्या गावाजवळ गुऱ्हाळ आहे त्यांनी समोर उभे राहून गूळ करून घ्यावा. आपल्या सभासदाला ही सोय शहरातल्या कारखानदारापेक्षा अधिक आहे. वडी पूर्ण गार झाल्याशिवाय पाकीट बंद करू नये, नाहीतर आत वाफ धरते. साधी प्लॅस्टिकची पिशवी स्वस्त पडते पण ओल अडवीत नाही. दोन-तीन थरांचे जाड पाकीट घ्यावे आणि त्याची शिवण दाबून पाहावी.

आणि एक सवय लावून घ्यावी. प्रत्येक घाण्यातली आठ-दहा पाकिटे तारीख टाकून घरात ठेवावीत, दर आठवड्याला एक फोडून दोघांनी चाखावे आणि वहीत लिहावे. मे महिन्यात एकदा व श्रावणात एकदा अशी परीक्षा झाल्याशिवाय 'तीन महिने टिकते' असे छापू नये. ज्या आठवड्यात चव उतरली, त्याच्या बऱ्याच अलीकडची तारीख पाकिटावर टाकावी.

कागद आणि नाव

२००६ सालच्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे खाण्याचा माल करून विकणाऱ्या प्रत्येकाला नोंदणी किंवा परवाना घ्यावा लागतो. लहान उलाढालीला नोंदणी, मोठ्या उलाढालीला परवाना. उलाढालीची मर्यादा सरकार बदलू शकते, म्हणून अर्ज करताना चालू नियम विचारून घ्यावा. मिळालेला चौदा आकडी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो. त्याशिवाय पदार्थाचे नाव, वजनाच्या उतरत्या क्रमाने घटक, पोषणाचा तक्ता, निव्वळ वजन, घाण्याचा क्रमांक, केल्याची व संपण्याची तारीख, किंमत, करणाऱ्याचे नाव-पत्ता आणि शाकाहाराची हिरवी खूण हवी. शेंगदाणा काहींना बाधतो, म्हणून 'यात शेंगदाणा आहे' हे वेगळे लिहावे लागते.

आता सर्वात महत्त्वाचा मुद्दा. वडी बाई करते, कृती तिची, चव तिची. पण नोंदणी, बँकखाते, कर्ज सारे नवऱ्याच्या नावावर. आपल्याकडे हे इतके सवयीचे आहे की कोणाला खटकतही नाही. पण माणसाचे बरेवाईट झाले तर बँकेपुढे आणि भाऊबंदांपुढे त्या बाईला आपलाच धंदा आपला आहे हे सिद्ध करीत बसावे लागते. म्हणून दोघांची भागीदारी लेखी करावी. १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे ती करता येते. कोणाचा वाटा किती, पैसे काढायचे तर कोणाची सही, हे त्यात लिहावे. ही भागीदारी नोंदवूनही घ्यावी. न नोंदवलेल्या भागीदारी संस्थेला, एखाद्या व्यापाऱ्याने पैसे बुडवले तर साधारणपणे कोर्टात दावा लावता येत नाही. नोंदणीचा खर्च आणि हेलपाटे तेवढ्यासाठी सोसावेत.

कर्ज, अनुदान आणि उधारी

केंद्र सरकारने २०२० साली लहान अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी एक योजना सुरू केली. तिच्यात प्रकल्पाच्या ३५ टक्के, पण १० लाखांपर्यंत अनुदान ठेवले गेले आणि किमान १० टक्के रक्कम स्वतःची घालावी अशी अट होती. जळगाव जिल्ह्यासाठी केळी हे पीक निवडले गेले. या योजनेतल्या दोन गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली, अनुदान रोख हातात पडत नव्हते. ते बँकेत जमा राहून कर्ज नीट फेडल्यास तीन वर्षांनी कर्जात वळते होई. म्हणजे कर्ज आधी, अनुदान नंतर. दुसरी, नवरा, बायको व मुले मिळून एक कुटुंब धरून त्यातल्या एकालाच लाभ मिळे. तेव्हा अशा योजनेत अर्ज कोणाच्या नावाने करायचा, हे घरात बसून आधी ठरवावे. योजनांच्या मुदती व अटी बदलतात. अर्जापूर्वी तालुका कृषी कार्यालयात चौकशी करावी. अनुदान मिळते म्हणून मोठे यंत्र घेऊ नये. दिवसाला २० किलो विकणाऱ्याला २०० किलोचे यंत्र म्हणजे हप्त्याचे ओझे. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे जुन्यांनी उगीच सांगितलेले नाही.

उसाच्या पैशाची आपल्याला एक सवय झालेली आहे. ऊस एकदा जातो, बिल मोठे येते. खाऊच्या धंद्यात पैसा बारीक असतो आणि रोज फिरावा लागतो. शेंगदाणा रोखीने घ्यावा लागतो आणि दुकानदार म्हणतो, "पुढच्या खेपेला देतो." दिवसाला पाच हजारांचा माल आणि एक महिन्याची उधारी, म्हणजे सव्वा-दीड लाख रुपये बाजारात अडकले. तेवढे भांडवल वेगळे असेल तरच उधारी द्यावी. उद्यम नोंदणी विनाशुल्क आहे, ती अवश्य करावी. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे माल घेणाऱ्याने जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, असे २००६ चा कायदा सांगतो. प्रत्येक दुकानदाराशी कायदा बोलून चालत नाही हे आम्हालाही कळते. पण पावतीवर मुदत लिहिलेली असली तर मागायला तोंड राहते.

उसाचे बिल आणि वडीचे पैसे एकाच खात्यात ठेवू नयेत. तसे ठेवले तर धंद्याचा तोटा ऊस भरून काढतो आणि तो कळतच नाही. खतपाण्याच्या वेळी खिसा रिकामा लागला, की मग शोध सुरू होतो.

सुरुवात कशी करावी?

पहिले तीन महिने यंत्र घेऊ नये. घरच्या कढईवर, नोंदणी काढून, आठवड्याला वीस किलो माल करावा. आठवडे बाजार, ओळखीची चार दुकाने, शाळा-कॉलेजजवळची टपरी, अमळनेरची किंवा सारंगखेड्याची यात्रा, येथे स्वतः उभे राहून विकावे. कोणते पाकीट परत आले आणि का, हे लिहून ठेवावे. कृषी विज्ञान केंद्रांतून प्रक्रियेचे प्रशिक्षण मिळते, तेथे दोघांनीही जावे, एकट्या बाईला किंवा एकट्या पुरुषाला पाठवू नये. तीन महिन्यांनी वही उघडून, दोघांची मजुरी धरून शिल्लक उरते का ते पाहावे. उरत असेल तर बँकेत जावे. उरत नसेल तर छापील किंमत, घटक किंवा पदार्थ बदलावा, नाहीतर थांबावे. वीस किलोवर थांबण्यात नुकसान थोडे असते.

उसाची गाडी काट्यावर गेली की वजनाची पावती हातात पडल्याशिवाय आपण जागचे हलत नाही. वडीचा डबा घराबाहेर पडतानाही एवढीच काळजी घ्यावी. ज्या सभासद दांपत्यांना हा हिशेब आपल्या मालासाठी मांडून पाहायचा आहे, त्यांनी येत्या आखाजीच्या खाऊपासूनच वही घालावी. नवी वही, वर दोघांची नावे, आणि पहिल्या ओळीत कच्च्या शेंगदाण्याचे वजन.